कढईत उरलेलं मीठ

आमच्या पांढुर्ण्याच्या घरी सकाळचं पहिलं काम म्हणजे पाणी. बोअरचं पाणी दुहेरी कापडातून गाळायचं, मोठ्या पातेल्यात उकळायचं, निवलं की प्यायच्या भांड्यात ओतायचं. जैनाच्या घरात ही रीत नवी नाही. सासूबाई होत्या तोवर हे काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. उपवासाच्या दिवशी तर उकळलेल्या पाण्याशिवाय त्या घोटभरही काही घेत नसत.

त्या पातेल्याला आतून पांढरा पापुद्रा धरायचा. रोज घासलं तरी महिनाभरात तळाला कवच चढलेलंच. एकदा सासूबाईंनी नखानं त्याचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला.

"हे काय होय वं?"

"घाण असेल पाण्यातली," मी सहज म्हणून गेले.

"घाण असती त् कपड्यावर राह्यली असती. हे कपड्यातून गेलं अन् विस्तवावर बसलं. काहून?"

मला उत्तर आलं नाही. मी इतिहास घेऊन बी. ए. झालेली. माझं माहेर सौंसर. विज्ञान शाखेला जायचं मनात होतं, पण त्यासाठी बाहेरगावी राहावं लागलं असतं, आणि मुलीला एकटीला बाहेरगावी ठेवायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नव्हती. तेव्हा जे मिळालं ते शिकले. सासूबाईंचा प्रश्न तसाच राहिला. पुढे त्याही गेल्या.

त्यांच्या माघारी बऱ्याच वर्षांनी पुतणी सुट्टीत आली होती. तिच्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात एक आलेख पाहिला. आडव्या रेघेवर पाण्याचं तापमान, उभ्या रेघेवर शंभर ग्रॅम पाण्यात कोणता पदार्थ किती विरघळतो त्याचं माप. मी समजत होते की पाणी गरम केलं की सगळंच जास्त विरघळतं. आलेख पाहिला तर तसं नव्हतं. एक रेघ जिना चढावा तशी वर गेलेली, एक जवळजवळ आडवी पडलेली, आणि एखादी चक्क खाली उतरणारी. खाली उतरणाऱ्या रेघेवर बोट ठेवून मी पुतणीला विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "चुना, काकू." त्या दुपारी मी स्वयंपाक उशिरा केला.

यातलं बरंचसं आपण बायका रोज करतो, नाव मात्र ठेवत नाही. साखरेचा पाक घ्या. साध्या पाण्यात, म्हणजे २० अंशांच्या आसपास, शंभर ग्रॅम पाणी दोनशे ग्रॅम साखर सामावून घेतं. उकळत्या पाण्यात हाच आकडा पावणेपाचशेच्या पुढे जातो. म्हणून पाक आचेवर असतो तोवर काचेसारखा स्वच्छ दिसतो, आणि जास्त घट्ट झालेला पाक निवला की बरणीच्या कडेला खडे धरतो. पाण्यात जेवढी साखर मावत होती तेवढी आता मावत नाही, ती बाहेर पडते. खडीसाखर करणारा याच गोष्टीवर पोट भरतो. मुरंबा करणारी मात्र याच गोष्टीला भिते.

मिठाचं तसं नाही. बर्फाइतक्या गार पाण्यात शंभर ग्रॅमला साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, आणि उकळत्या पाण्यात ३९. एवढाच फरक. गरम पाण्यात मीठ लवकर विरघळतं हे खरं, पण लवकर विरघळणं वेगळं आणि जास्त विरघळणं वेगळं. गरम खारं पाणी रात्रभर निवत ठेवलं तरी मीठ खाली बसणार नाही. ते हवं असेल तर पाणीच घालवावं लागतं, उन्हानं नाहीतर विस्तवानं. आलेखातली आडवी रेघ मिठाची होती. तिच्या शेजारून वर चढलेली रेघ होती सोऱ्याची. या दोन रेघांमधलं अंतर पाहून माझ्यातली इतिहासाची विद्यार्थिनी जागी झाली.

सोरा मी लहानपणी पाहिला होता, पण तो सोरा आहे हे मला ठाऊक नव्हतं. सौंसरला आमच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीला हिवाळ्यात पांढरं फूल यायचं. भिंतीला लोणा लागला, असं आई म्हणायची आणि झाडूनं तो पाडायची. जनावरांचं मूत मातीत मुरतं, मातीतले सूक्ष्म जीव त्याचा सोरा आणि त्याच्या जातीचे क्षार करतात, ओलीबरोबर ते भिंतीत चढतात आणि पाणी वाळलं की वर येतात. आपण ज्याला भिंतीचा रोग म्हणतो, त्यावर तोफा चालत होत्या. काळ्या दारूत गंधक असतं, कोळसा असतो, पण चार भागांतले तीन भाग सोराच असतो.

बिहारमध्ये हे काम करणाऱ्या जातीला नोनिया म्हणतात. नोन म्हणजे मीठ, त्यावरून हे नाव. जुन्या गावठाणाची, गोठ्याजवळची माती खरवडायची, मातीच्या गाळणीत भरून तिच्यावर पाणी सोडायचं, खाली झिरपलेलं पाणी कढईत आटवायचं. त्यात लाकडाची राख मिसळायची. राखेमुळे मातीतला चुना सुटून खाली बसतो आणि खरा सोरा पाण्यात उरतो. पण त्या पाण्यात नुसता सोरा नसतो, मीठही असतं, आणि भरपूर असतं. मीठ मिसळलेली दारू ओल धरते, पेटत नाही. म्हणजे दोघांना वेगळं केल्याशिवाय मालाला किंमत नाही. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे. चाळणीनं वेगळे होत नाहीत, कापडानं होत नाहीत. मग करायचं कसं?

इथे त्या दोन रेघा कामाला येतात. एक लिटर उकळत्या पाण्यात जवळजवळ अडीच किलो सोरा मावतो. तेच पाणी हिवाळ्याच्या पहाटे दहा अंशांवर आलं की त्यात जेमतेम दोनशे ग्रॅम राहू शकतो. मीठ मात्र उकळत्या पाण्यात जेवढं, पहाटेच्या पाण्यात जवळपास तेवढंच. नोनिया पाणी आटवत नेतो तसं आधी मीठ कढईच्या तळाशी बसू लागतं, कारण आच कितीही असली तरी त्याला जास्त जागा मिळत नाही. ते झाऱ्यानं काढून घ्यायचं. मग उरलेलं गरम पाणी मातीच्या भांड्यांत ओतून रात्रभर ठेवायचं. सकाळी भांड्याच्या कडेनं सोऱ्याच्या लांब कांड्या धरलेल्या असतात, आणि राहिलेलं मीठ वरच्या पाण्यात तसंच असतं. पाणी ओतून द्यायचं, कांड्या पुन्हा विरघळवून पुन्हा निववायच्या, की झाला कलमी सोरा.

या रेघा कागदावर पहिल्यांदा काढल्या त्या गे-ल्युसॅक नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं, १८१९ साली. इकडे पेशवाई बुडून एकच वर्ष झालं होतं. त्याचं मोठेपण मी कमी करत नाही. कोणत्या तापमानाला नेमकं किती, हे मोजून लिहून ठेवणं साधं काम नव्हे. पण त्याच्या आधी काही शतकं अक्षरशत्रू माणसं त्या रेघांवर बोट ठेवून बसली होती. आच कधी काढायची, भांडं कुठे ठेवायचं, कोणत्या ऋतूत माल चांगला धरतो, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. पाकाची तार बघून गॅस बंद करणाऱ्या बाईला जसं माहीत असतं तसंच.

सोऱ्याचा आणखी एक गुण. तो पाण्यात विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून पाणी गार पडतं. गरम पाण्यात तो जास्त विरघळतो त्याचं कारणही हेच, त्याला विरघळायला उष्णता लागते. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या आबदारखान्याचं वर्णन करताना ही कृती मापासकट दिली आहे. अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकायचा, आणि एक शेर पिण्याचं पाणी भरलेली, तोंड बंद केलेली धातूची सुरई त्यात पाव तास फिरवायची. दारूत जाऊन भडका उडवणारी वस्तू बादशहानं पाणी गार करायला लावली, याचं कौतुक अबुल फजललाही वाटलं होतं. पुढे १५८६ च्या सुमारास दरबार पंजाबात गेला आणि डोंगरातला बर्फ मिळू लागला.

त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात आपलं लोणार येतं. तिथे काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं आणि सोऱ्याचंही काम चालतं, अशी नोंद आहे. लोणारचं सरोवर पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यात आटतं. आटत गेलं की काठाला आणि तळाला क्षाराचे थर धरतात. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची नावं होती. एकाच पाण्यातून निघालेल्या क्षारांना इतकी नावं कुणी हौसेनं देत नाही. कोणता आधी बसतो, कोणता मागून, कोणता साबणाला चालतो आणि कोणता बांगडीच्या काचेला, हे ओळखणाऱ्यांची ती भाषा आहे.

लोणार इथून लांब आहे, पण आमच्या भागाशी त्याचं एक नातं आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ छापला. त्यात कुणब्यांच्या पोटजाती सांगताना लोन्हारे हे नाव लोणार-मेहकरवरून आलं असावं, त्यांचे पूर्वज कधीकाळी त्या सरोवराचं मीठ शुद्ध करत असतील, असं लिहिलं आहे. बैतूल-छिंदवाड्याकडे लोन्हारे आजही पुष्कळ आहेत. संत्र्याच्या बागा करतात, कपाशी लावतात. नावात मीठ राहिलं, हातातलं काम गेलं.

ते काम का गेलं, ते आता सांगते.

१७५७ ला प्लासी झाली आणि दुसऱ्याच वर्षी पाटण्याच्या सोऱ्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीनं मीर जाफरकडून मिळवला. जगातला उत्तम सोरा बिहारचा, आणि युरोपात लढाया चालूच. सोऱ्यासाठी अडलेल्या फ्रान्सनं १७७५ साली दारूखात्याची व्यवस्था नव्यानं लावली आणि तीत लावाझिएसारखा शास्त्रज्ञ नेमला. इंग्रजांना ती चिंता उरली नव्हती. बिहारच्या गोठ्यातली माती त्यांच्या तोफांत पोचत होती.

पण नोनियाच्या कढईत सोऱ्याबरोबर मीठही निघतं, हे वर सांगितलंच. ते त्याचं घरचं मीठ असे, नाहीतर चार पैशांना तो विके. सरकारनं मिठावर कर बसवला तेव्हा हे मीठ चोरीचं ठरलं. उत्तर हिंदुस्थानात मीठखात्याच्या परवान्याशिवाय सोरा शुद्ध करायला बंदी आली, आणि १८८२ च्या मीठ कायद्यात सोऱ्यालाही धरलं गेलं. मीठ खाली बसणार हे काही नोनियाच्या हातात नव्हतं, तो त्या दोन क्षारांचा स्वभाव होता. कर भरा, नाहीतर ते मीठ नासून टाका. एका क्षारावर सरकारच्या तोफा चालत, त्याच कढईतल्या दुसऱ्या क्षारासाठी शिपाई दारात येई.

करचुकवं मीठ इकडून तिकडे जाऊ नये म्हणून सरकारनं देशाच्या मधून जकातीची रेषा आखली. १८६९ च्या सुमारास ती सिंधूपासून महानदीपर्यंत २,३०० मैल पसरली होती, आणि तिच्यावर जवळजवळ बारा हजार माणसं पहाऱ्याला होती. आपल्या मध्य प्रांतातूनही ती गेली होती. कितीतरी भागात बाभूळ, बोर, निवडुंग लावून तिचं जिवंत कुंपण केलं होतं. त्या काळात जकातखात्याचे आयुक्त होते ॲलन ह्यूम. पुढे १८८५ साली काँग्रेसची स्थापना करणारे तेच. १८७९ साली ती रेषा उठली. मिठाचा कर उठला नाही.

वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी इतकं खारं की पूर्वी लोक त्यापासून मीठ काढीत. इंग्रजी अमलात तेही बंद झालं. १९३० च्या एप्रिलात गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा विदर्भातल्या सत्याग्रहींपुढे प्रश्न होता की समुद्र आणायचा कुठून. ते अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला गेले आणि तिथल्या खाऱ्या पाण्यापासून त्यांनी मीठ केलं.

इथे पुन्हा ती आडवी रेघ आठवते. मीठ निवून बसत नाही, ते गुपचूप करता येत नाही. सोरा रात्रीच्या थंडीत अंधारात धरेल, पण मिठासाठी उघड्यावर चूल हवी, कढई हवी, धूर हवा, आणि पाण्याचा शेवटचा थेंब जाईपर्यंत तिथे बसून राहायला हवं. शिपाई समोर असतानाही. बिचाऱ्या नोनियासाठी हा मिठाचा दोष होता. सत्याग्रह्यासाठी तो गुण ठरला, कारण त्याला लपायचंच नव्हतं.

आमच्या सातपुड्यात मात्र खारी विहीरही नाही. मिठाचा कायदा मोडायला मीठच नव्हतं, तर मग जंगलचा कायदा. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदकडे गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला आणि तो वणवा बैतूल, छिंदवाडा, शिवनीपर्यंत आला. माझ्या माहेराहून छिंदवाड्याकडे जाताना रामाकोना लागतं. लहानपणी छोट्या गाडीनं जाताना ते स्टेशन मी कितीदा पाहिलं. तिथे २१ ऑगस्ट १९३० रोजी आदिवासी पुढारी बादल भोई यांना जंगलचा कायदा मोडल्याबद्दल अटक झाली. ९ ऑक्टोबरला शिवनी जिल्ह्यातल्या तुरियात गोळीबार झाला. चौघं मेली, त्यांत तीन बायका होत्या. शाळेत मिठाचा सत्याग्रह आम्ही गुजरातच्या नकाशावर शिकलो. आमच्या रामाकोन्याचं नाव त्या धड्यात नव्हतं, आणि ज्या कढईतून ते सगळं सुरू झालं तिचंही नव्हतं.

आता सासूबाईंचं उत्तर.

आई, पावसाचं पाणी आमच्या काळ्या मातीतून, काळ्या दगडातून खाली उतरतं तेव्हा मातीतला कर्बवायू बरोबर घेतं. गार पाण्यात वायू जास्त मावतो. त्या वायूच्या जोरावर दगडातला चुना पाण्यात विरघळलेला राहतो, म्हणून तो तुमच्या कपड्यातून निघून जातो. विस्तवावर पाणी तापलं की आधी वायू पळतो. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे येतात ना, उकळी फुटायच्या कितीतरी आधी, ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे. उकळलेलं पाणी बेचव लागतं म्हणून मी कुरकुर करायची, त्याचंही हेच कारण, त्यातली हवा गेलेली असते. आणि उन्हाळ्यात जामच्या डोहातलं पाणी तापून मासे वर तोंड काढतात, तुम्ही हळहळायच्या, तेही यामुळेच. शून्य अंशाच्या लिटरभर पाण्यात साडेचौदा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांवर साडेसातच उरतो. वायू गेला की चुन्याला आधार राहत नाही, तो खाली बसतो. ती घाण नव्हती. तुमचं बरोबर होतं.

हे मी त्यांना सांगू शकले नाही. त्यांना चौथीच्या पुढे कुणी शाळेत पाठवलं नव्हतं, पण घाण असती तर कापडावर राहिली असती, हा विचार त्यांनी कोणत्या पुस्तकातून घेतला नव्हता. नोनियानंही घेतला नव्हता. आमच्याकडे अशा माहितीला बायकांचं काम म्हणतात, त्यांच्याकडे जातीचं काम म्हणत. त्यापलीकडे तिला नाव मिळालं नाही. कर मात्र मिळाला.

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. माझं माहेर आणि सासर एका जिल्ह्याचं झालं. पाणी अजून तेच आहे. पातेल्यात लिंबाच्या साली टाकून मी ते महिन्यातून एकदा उकळते. पापुद्रा फसफसतो आणि सुटून येतो. घासायच्या आधी त्यातला एक तुकडा मी बोटावर घेऊन बघते. परवा सुनेनं विचारलं, "आई, हे काय असतं हो?"

मी स्टूल ओढलं आणि तिला म्हटलं, बस जरा.